मागच्या दारावरचा ओघळ

देव माणसाला एकेक दुखणं वाटून देतो. कुणाला गुडघे, कुणाला सून. सिद्धरामेश्वराच्या गावात, भवानी पेठेतल्या शहाजी पेंटरच्या वाट्याला ओघळ आला होता.

ओघळ म्हणजे रंगाचा. बसप्पाअण्णांच्या जुन्या फियाटला, डाव्या बाजूच्या मागच्या दारावर, कडीच्या खाली चार बोटांवर तो सुरू व्हायचा, वीतभर उतरायचा आणि ज्वारीच्या दाण्याएवढा थेंब होऊन थांबायचा. त्याला तिथं थांबून एक्केचाळीस वर्षं झाली होती. शहाजीनं तो सोडला तेव्हा तो स्वतः एकोणीस वर्षांचा होता आणि रंगाची गन त्याच्या हातात पहिल्यांदाच आली होती. त्यानंतर त्यानं ट्रक रंगवले, टेम्पो रंगवले, देवाचा रथ रंगवला, एका पुढाऱ्याची जीप तर पक्ष बदलला म्हणून दोनदा रंगवली. कुठंही थेंब गळला नाही. पण ती कामं गावोगाव निघून गेली आणि ही एक गाडी मात्र त्याच्या दुकानाच्या वाटेवरच उभी. तीही डावी कूस गल्लीकडं करून. उजवीकडं अण्णांची भिंत होती, त्यामुळं गाडी फिरवून लावायची सोय नव्हती.

अण्णांच्या बायको कस्तुराबाई मोठ्या नेमाच्या बाई. पहाटे सडा-रांगोळी, मग पूजा, मग जप, आणि जप होईस्तोवर चहासुद्धा नाही. दर गुरुवारी उपास, आणि याच फियाटमधून अक्कलकोटला दर्शन. गुरुवारी खोटं बोलायचं नाही हाही एक नेम होता. खोटं त्या इतर दिवशीही बोलत नसत, पण गुरुवारी चुकूनसुद्धा नाही.

शहाजी वर्षातून एकदा जाऊन विचारायचा, "वैनी, गाडीला एक हात मारून देऊ का? मजुरी नको. लई विटलीय ती."

"बघू की, भावजी," कस्तुराबाई म्हणायच्या. आणि बघितलं की काहीतरी निघायचंच. श्रावणात घरातलं काही खरवडायचं नाही. पुढं पंधरवडा पितरांचा. मग घट बसले. मग दिवाळी. मग अण्णांच्या मावशीचं सुतक. एकदा सगळं जुळलं तर त्या वर्षी अधिकमास निघाला.

यंदा मात्र उलटं झालं. शहाजी दसऱ्याचं सोनं द्यायला गेला होता. चहाची बशी तोंडाकडं नेताना उजवा हात थरथरला आणि निम्मा चहा धोतरावर सांडला. असा थरथरायला लागून त्याला वर्ष झालं होतं. डॉक्टरनं गोळ्या दिल्या होत्या आणि शहाजीनं मनाशी ठरवलं होतं, गुढीपाडव्याला दुकानाला कुलूप. कस्तुराबाईंनी हाताकडं पाहिलं. न बोललेलं ठेवायला त्यांच्यापाशी जागा लई होती. पुन्हा चहा ओतता ओतता म्हणाल्या, "भावजी, तुळशीचं लग्न झालं की येणाऱ्या गुरुवारी गाडी घ्या रंगवायला. दर्शनाला आमी यष्टीनं जाऊ."

शहाजी त्या रात्री दोन भाकरी जास्त जेवला.

गुरुवारी सकाळी तो बादली, घासायचे पाण्याचे पेपर आणि खड्डे भरायच्या लांबीचा डबा घेऊन अंगणात आला, तर गाडीसमोर एक मुलगी पालथी पडलेली. डोळ्याला भिंग, हातात बॅटरी, आणि तोंडानं "वा, वा" चाललेलं.

"ही पुण्याची राजनंदिनी. जुन्या गाड्या हुडकत फिरती," अण्णा झोपाळ्यावरून म्हणाले. "मागल्या गुरुवारी अक्कलकोटात गाडी बघितली म्हणं. तवापासून फोनवर फोन."

राजनंदिनी उठली, गुडघे झटकले. "काका, तुम्ही पेंटर ना? बरं झालं मी वेळेवर पोचले. हात लावू नका हं गाडीला."

शहाजीनं बादली खाली ठेवली. "का? करंट हाय का?"

"हे बघा ना," ती म्हणाली आणि गाडी दाखवू लागली, जशी काही गाडी तिच्या माहेरची. टपावरचा हिरवा उन्हानं जून पानासारखा झालाय, तो बघा. दरवाज्यांच्या कडा हात लागून लागून तांबूस झाल्यात, त्या बघा. बॉनेटवर चाळीस दसऱ्यांची हळद-कुंकू मुरलीय, हा रंग कुठल्या डब्यात मिळेल? "याला पॅटिना म्हणतात, काका. गाडी जगली त्याची खूण. लोक जगभर याच्यासाठी जीव टाकतात, आणि तुम्ही पेपर मारायला निघालात."

"आमच्यात याला गंज म्हणत्यात," शहाजी म्हणाला.

"आणि हा हिरवा," ती थांबायलाच तयार नव्हती, "एकाहत्तर सालच्या गाडीत हा हिरवा मी आजवर पाहिलेला नाही. म्हणजे कंपनीनं खास कुणासाठी तरी दिलेला असणार."

अण्णांना एकाएकी खोकला आला. कारण पेठेतल्या साठीच्या वरच्या कुठल्याही माणसाला त्या हिरव्याची ओळख होती. तो मागाचा हिरवा. लोखंडी मागांच्या सांगाड्याला द्यायचा जाड, चिवट, सहा सहा दिवस न वाळणारा रंग.

मग राजनंदिनी डाव्या बाजूला गेली, मागच्या दारापाशी वाकली आणि तिचा आवाज देवळात बोलल्यासारखा खाली आला. "आणि हा. हा ओघळ बघितलात? कारखान्यात हातानं रंग मारायचे त्या काळी. कुणा कामगाराचा हात इथं क्षणभर थांबला असेल. किती जिवंत वाटतं ना?"

शहाजीला एक्केचाळीस वर्षांत त्या ओघळाबद्दल बरंच ऐकू आलं होतं, त्यातलं बहुतेक मनातल्या मनात. पण जिवंत कुणी म्हणालं नव्हतं.

झालं होतं ते असं. अण्णांचे वडील, अप्पा, यांचा चोवीस मागांचा कारखाना होता. बसप्पांचं लग्न मैंदर्गीच्या पाटलांच्या मुलीशी ठरलं. पाटलांनी सहज विचारलं, नवरी कशातून नेणार? अप्पांच्या तोंडून निघून गेलं, "गाडी घेतलीय की. कंपनीची, कंपनीच्या रंगात." गाडी घेतली होती हे खरं, पण एका डॉक्टरची तेरा वर्षं वापरलेली, मळक्या पांढऱ्या रंगाची, जागोजाग पोपडे. अप्पांनी लग्नाला आठ दिवस असताना शहाजीच्या उस्तादांना बोलावलं आणि मागांसाठी आणलेले रंगाचे डबे पुढं केले. वाया का घालवायचे? उस्तादांनी उजवी बाजू केली, डावी पोराला दिली.

काम झाल्यावर अप्पांनी दोघांच्या कपाळाला सिद्धरामेश्वराची विभूती लावून शब्द घेतला, मैंदर्गीकरांना सांगायचं नाही. मैंदर्गी शेतीवाडीचं गाव, तिकडं मागाचा हिरवा कोण ओळखणार? पण सून तर रोज कारखान्यात डोकावणार. म्हणून लग्नाच्या आदल्या दिवशी अप्पांनी चोवीसच्या चोवीस माग निळे करून घेतले. गाडीला कंपनीचा रंग परवडला असता, इतका निळा त्यात गेला.

उस्ताद गेले, अप्पा गेले. शब्द राहिला.

"प्रदर्शन जानेवारीत आहे," राजनंदिनी सांगत होती. "जुन्या, मूळ रंगातल्या गाड्यांचा वेगळा विभाग. ही पहिली येणार, मी लिहून देते. फक्त या कागदावर काकूंची सही हवी. गाडी त्यांच्या नावावर आहे ना?"

कस्तुराबाई जप आटोपून ओसरीवर आल्या होत्या. चष्मा लावून त्यांनी कागद सावकाश वाचला. मग एका ओळीवर बोट ठेवलं. "'रंग कंपनीचा मूळ असून नंतर दिलेला नाही.' ह्याच्याखाली सही करायची?"

"हो, ते नुसतं असतंच तसं."

"आज गुरुवार हाय, बाळ." कस्तुराबाईंनी कागदाची घडी घातली आणि शहाजीकडं वळल्या. "भावजी, तुमी रंगातले. तुमी सांगाल तसं. कंपनीचा हाय का हा?"

शहाजीनं ओघळाकडं पाहिलं. हो म्हणावं, तर बाईच्या गुरुवारच्या सहीखाली खोटं जाणार, आणि ओघळ कायमचा, वर पुण्याचा शिक्का मारून. नाही म्हणावं, तर ओघळ आत्ता, या घटकेला पाण्याच्या पेपरखाली येईल. पण विभूती लावून दिलेला शब्द मोडणार, तोही मेलेल्या माणसाला दिलेला. आणि सांगायचं कुणाला, तर मैंदर्गीच्याच लेकीला.

"उद्या सांगतो," तो म्हणाला.

"उद्या?" राजनंदिनी म्हणाली. "काका, बघूनच सांगायचंय ना?"

"रंगाचं तसं नसतंय. इचार करावा लागतोय," शहाजी म्हणाला आणि बादली तिथंच टाकून चालता झाला.

घरी त्याची बायको गोजाबाई शेंगा फोडत बसली होती. त्यानं तिला सगळं सांगितलं. एक्केचाळीस वर्षांत पहिल्यांदाच. ती मैंदर्गीची नव्हती, बार्शीकडची होती, त्यामुळं शब्दाला बाध येत नव्हता.

"येवढंच?" गोजाबाई म्हणाली. "मला वाटलं, बाहेर लेकरूबिकरू हाय का काय."

"थट्टा करू नगं. आता वैनीला सांगू का नगं?"

"शबूद काय दिलाता? नीट सांगा."

"मैंदर्गीकरांना सांगायचं न्हाई."

गोजाबाईनं चार शेंगा फोडल्या. "मग ती मैंदर्गीची का हितली, त्यावर हाय की."

"जल्म मैंदर्गीचाच की."

"मी बी बार्शीकडची. चाळीस वर्स तुमची भाकरी थापतीया. मेल्यावर बार्शीला नेऊन जाळणार हाय का मला?"

"तसं न्हाई गं."

"बाईमानूस कुठलं, हे पेंटरनं ठरवायचं नसतंय. तिलाच इचारा जावा."

दुसऱ्या दिवशी शहाजी अंघोळ करून, टोपी घालून गेला. राजनंदिनी कागद घेऊन आधीच बसली होती, समोर उपम्याची ताटली. अण्णा झोपाळ्यावर. शहाजी ओसरीच्या पायरीपाशी उभा राहिला आणि मनात रात्रभर घोळवलेला प्रश्न एका दमात विचारून टाकला.

"वैनी, रागावू नगा. तुमी मैंदर्गीच्या का हितल्या?"

झोपाळा थांबला. राजनंदिनीचा चमचा थांबला. तिला वाटलं, रंगाबद्दल काहीतरी राहून गेलंय.

कस्तुराबाई त्याच्याकडं बघत राहिल्या. मग त्यांच्या ओठांच्या कडा हलल्या. "अक्षता पडल्या तवापासून हितली, भावजी. मैंदर्गीला जाते ती पाव्हणी म्हणून."

"पक्कं?"

"हौद री," त्या मान डोलावून माहेरच्या बोलीत म्हणाल्या. कानडी ऐकून शहाजी पुन्हा घाबरला, तशी त्यांनी घाईनं पुस्ती जोडली, "हितलीच. बोला."

आणि शहाजी बोलला. डॉक्टरची गाडी, मळका पांढरा, मागाचे डबे, निळे झालेले माग. शेवटी त्यानं दाराकडं बोट केलं. "आनि त्यो वगळ कंपनीचा न्हाई. कंपनीला कशाला बोल? त्यो माजा हाय. हात थांबला माजा."

अण्णा छताकडं बघत होते. राजनंदिनीनं ताटली खाली ठेवली. कस्तुराबाई आत गेल्या. ट्रंकेच्या कड्यांचा आवाज आला. शहाजीला वाटलं, बाई निघाली माहेरी.

त्या आल्या ते पांढऱ्या फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन. फडकं उलगडलं. आत डाळिंबी शालू होता, जरीकाठी, आणि पदराच्या बाजूला तळहाताएवढा हिरवा डाग, कडक, तुकतुकीत.

"वरातीत मला डाव्या दारानं बसवलं," त्या म्हणाल्या. "दार लावलं आनि पदर चिकटला. कंपनीचा रंग तेरा वर्सं वला ऱ्हात न्हाई, एवढं मलाबी कळत हुतं."

शहाजीनं कोनाडा धरला. "म्हंजे तुमाला म्हाईत हुतं?"

"घरात पाऊल टाकायच्या आधीपासनं. आत आले तर माग निळे, त्यांचाबी हात लागंल तिथं रंग लागत हुता. कापडाचे चार तागे निळे निघाले त्या महिन्यात."

"पाच," अण्णा म्हणाले.

"तुमाला बी म्हाईत हुतं, वैनीला म्हाईत हाय ते?" शहाजीनं त्यांना विचारलं.

"मला काय म्हाईत, कुणाला काय म्हाईत हाय ते," अण्णा म्हणाले. "मी नवरदेव हुतो. मला कोन सांगतंय?"

"मग वैनी, येवढी वर्सं..."

"सांगू कुणाला? माझ्या वडलांना? सासऱ्यांच्या पाठीमागं हसले असते ते. आमचे वडील गेले, तर थोरले भाऊ हुते, ते यायचे सणावाराला. गाडी खरवडली असती तर खालचा पांढरा दिसला असता." त्यांनी शालूची घडी नीट केली. "भाऊ गेले मागल्या साली. आता अप्पांना हसायला तिकडं कुणी उरलं न्हाई."

शहाजीच्या डोळ्यांसमोरून श्रावण, पितर, घट आणि अधिकमास ओळीनं निघून गेले. "म्हंजे ते समदे नेम..."

"नेम खरेच हुते," कस्तुराबाई जरा दुखावून म्हणाल्या. "फकस्त मी ते आठवणीनं पाळले."

"मग काल मला का इचारलं?"

"खोट्याखाली सही करायची न्हाई, हा एक नेम. सासऱ्यांबद्दल उणा शब्द काढायचा न्हाई, हा दुसरा. दोन्हीच्या मधी अडकले. म्हणलं, तुमी तरी सोडवाल. तर तुमी उद्या म्हणून गेलात."

राजनंदिनी पुढं सरकली. तिचे डोळे पुन्हा चमकू लागले होते. "काकू, पण मग आता तर मुळीच नका रंगवू. मूळ रंग नाही, नसू दे. तो विभाग नको, दुसऱ्या विभागात घालू. शालू गाडीशेजारी ठेवू, काका ओघळापाशी उभे राहून सगळी गोष्ट सांगतील. दाराला त्यांच्या नावाची पाटी लावू. केवढा इतिहास आहे हा."

शहाजीनं ते चित्र डोळ्यांसमोर आणलं. ओघळ, खाली पाटी, पाटीवर शहाजी पेंटर, भवानी पेठ, आणि पुण्याचे लोक रांगेनं. तो पायरीवर खाली बसला. चहा नव्हता, तरी हात थरथरू लागला.

कस्तुराबाईंनी तो हात पुन्हा पाहिला. "बाळ," त्या राजनंदिनीला म्हणाल्या, "तुझं बी खरं हाय. जुनं जपावं. देवाच्या टाकांना मी बी कधी चिंच लावली न्हाई. पण हा इतिहास चाळीस वर्सं ह्या मानसाच्या छाताडावर बसलाय. गाडी मला कशीबी चालंल. त्याला उठू दे."

राजनंदिनीनं ओठ चावला. दाराकडं पाहिलं, शहाजीकडं पाहिलं. मग कागद पिशवीत घालून म्हणाली, "निदान फोटो काढू का ओघळाचा?"

"काढा," शहाजी म्हणाला. "पन लगेच."

तिनं सतरा फोटो काढले. त्यानंतर शहाजीनं पेपर पाण्यात बुडवला आणि दारापाशी उकिडवा बसला. मनाशी धरलं होतं, निम्मा दिवस जाईल. आरतीला लागतो तेवढाही वेळ लागला नाही. हाताखाली खरखर झाली, मग गुळगुळीत, बादलीतलं पाणी जरा हिरवं झालं आणि ओघळ संपला. शहाजीनं दारावरून तळवा फिरवला. इतकं सोपं असेल हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं.

पुढचे पाच दिवस तो पहाटेच यायचा, हात ताजा असताना. रंग तोच, मागाचा हिरवा. कस्तुराबाईंनी दुसरा घेऊ दिला नाही. मनगटाला फडकं घट्ट बांधून त्यानं गन चालवली. थांबला तर थरथर, चालता राहिला तर नाही, हे त्याला दुसऱ्या दिवशी उमगलं. डावं मागचं दार असं निघालं की गल्लीतली फूलवाली चंद्रव्वा त्यात बघून कुंकू नीट करून गेली.

बुधवारी उजवी बाजू राहिली होती. अण्णांनी गाडी भिंतीपासून पुढं घेतली. शहाजी मागच्या चाकाच्या वरचा पत्रा पेपरनं घासत खाली खाली आला, आणि मडगार्डच्या वळणावर त्याचं बोट कशावर तरी अडखळलं.

तो आडवा झाला. चष्मा पुसला. पुन्हा पाहिलं.

ओघळ होता. जाडजूड, त्याच्या ओघळाच्या दुप्पट, आणि तळाशी थेंब नाही, चांगला शेंगदाणा. ही बाजू उस्तादांची. दुसऱ्या कुणी इथं कधी गन धरली नव्हती. डावीकडचा थेंब बघून ज्यांनी त्याच्याशी तीन दिवस बोलणं टाकलं होतं, आणि चौथ्या दिवशी "हात रुक्या तो रंग रोता, बेटा" एवढंच म्हणाले होते, ते उस्ताद. हा त्यांनी भिंतीच्या बाजूला बघून ठेवला होता की त्यांनाही कधी दिसला नव्हता, हे विचारायला आता कुणी नव्हतं.

शहाजी पडल्या पडल्या हसू लागला. पोट धरून, आवाज न करता. मग हसणं ओसरलं. त्यानं पेपर भिजवला आणि ओघळावर टेकवला. हात हलेना. आता तो थरथरतही नव्हता, नुसता हलत नव्हता. हाताला धरून ज्यांनी गन शिकवली, त्यांच्या कामावर पेपर घासायचा म्हणजे काय? त्यानं पेपर बाजूला ठेवला, दोन बोटं ओघळाला लावून कपाळाला लावली आणि त्याच्यावरूनच रंग मारला.

दुसऱ्या दिवशी गुरुवार. अक्कलकोटला निघायचं म्हणून अण्णांनी गाडी गल्लीत आणली आणि हात पाठीमागं बांधून तिच्याभोवती फेरी मारली. चंद्रव्वा हार घेऊन आली होती, शेजारचे दोघेतिघे जमले होते. कस्तुराबाई बॉनेटवर कुंकू लावत होत्या. अण्णा उजवीकडं मागच्या चाकापाशी आले आणि वाकले.

"शहाजी," ते म्हणाले, "हितं वगळ सोडलास की रं."

सगळे वाकून बघू लागले. ताज्या रंगाखाली तो आणखीच उठून दिसत होता.

शहाजी पुढचा दिवा पुसत होता. त्यानं मान वर केली नाही. "व्हय, अण्णा. हात थरथरला."

"येवढी वर्सं एका वगळापायी रडलास, आनि जाता जाता दुसरा? आनि केवढा हा."

"लई मोठा हाय का?"

"त्याच्यापरीस मोठा."

"ऱ्हाऊ द्या," शहाजी म्हणाला. फडकं झटकून त्यानं दुसरा दिवा पुसायला घेतला. "वैनी, तुमी डाव्या दारानं बसा. ते वाळलंय."